ससाण्याची भुवई

रोह्याजवळच्या अष्टमी गावात मी भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला खोलीच्या आधी पाण्याची टाकी दाखवली. टाकीत पाणी किती राहतं, मोटर कधी लावतात, यातलं काही त्यांनी सांगितलं नाही. टाकीवर एक पक्षी रंगवलेला होता, तो दाखवायचा होता. हिरवी ढाल, ढालीवर पांढरा ससाणा, पंख अर्धे मिटलेले, पायांत विजेची पिवळी रेघ. "आमचं चिन्ह," ते म्हणाले. मला वाटलं टाकीच्या कंपनीचं असेल, आणि मी तसं बोलूनही गेले. खोली तिथेच हातची जायची. ती त्यांच्या बायकोने वाचवली. जिन्यातून आवाज आला, "अवो, तिला आधी मोरी दाखवा. चिमणी मागनं दाखवा."

त्या घरात मी पुढे सहा वर्षं राहिले. कुंडलिकेवरचा पूल ओलांडून रोज रोह्यात कॉलेजला जायचं, तिथल्या ग्रंथालयात पुस्तकं द्यायची-घ्यायची, संध्याकाळी पुन्हा पुलावरून परत. जाताना गेटवरचा ससाणा, परत येताना स्कूटरच्या मडगार्डवरचा ससाणा. तांदळाच्या डब्यावर एक होता, न्हाणीघराच्या दारावर एक होता. तुळशीवृंदावनावर मात्र काकूंनी चिमणीला बसू दिलं नव्हतं.

काका सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. हुद्द्याने हवालदार, कामाने पेंटर. एका इन्फंट्री ब्रिगेडच्या मुख्यालयात त्यांची बहुतेक नोकरी झाली. पाट्या, मैलाचे दगड, आगीच्या बादल्या, कुंड्यांचे काठ, अधिकाऱ्यांच्या दारावरची नावं; अधिकारी बदलला की खरवडून नवं नाव. सैन्यात लढाईपेक्षा रंगकाम जास्त असतं हे मला त्यांच्याकडून कळलं. ते त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं.

शिपायाचं प्रेम आपल्या पलटणीवर असतं असं मी वाचलं होतं. काकांना ते वाचन कच्चं वाटलं. तीन पलटणी मिळून एक ब्रिगेड, हे त्यांनी मला तीन वाट्या आणि एक ताट मांडून समजावलं. वाट्या बदलत राहतात. एक पलटण दोन-तीन वर्षं राहते, मग तिची बदली होते, दुसरी येते. ताट तिथेच. मी विचारलं, मग ताटावर जीव कोण लावणार? तांदूळ निवडत बसलेल्या काकूंनी उत्तर दिलं, "कोन नाय लावत. पलटण म्हंजे म्हायेर, ब्रिगेड म्हंजे सासर. हे एकटेच सासरचं गुणगान गातात." काकूंचं माहेर खांब गावचं. चाळीस वर्षं झाली तरी तिथल्या विहिरीच्या पाण्याची सर अष्टमीच्या नळाला आली नव्हती, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होतं.

मला ते प्रेम एस.टी. स्टँडवर बसलेल्या प्रेमासारखं वाटायचं. माणसं आपल्या गाडीवर जीव लावतात, आपल्या गावावर लावतात. हा गृहस्थ स्टँडवरच जडला होता. गाड्या येत-जात, आणि हा फलाटाच्या खांबाला रंग देत उभा. मधे दोनदा त्यांची बदली झाली तेव्हा अर्ज करकरून ते परत त्याच मुख्यालयात गेले. अशा अर्जाचं वरच्यांना इतकं नवल वाटे की तो लगेच मंजूर होई.

ब्रिगेडचा इतिहास सोळा पानांच्या पुस्तिकेत होता आणि काकांना तोंडपाठ होता. नवा भाडेकरू, गॅसवाला, मतदारयादी घेऊन आलेली शिक्षिका, सगळ्यांना तो ऐकावा लागे. सोळांतली पाच पानं पाहुण्या सेनापतींच्या संदेशांची होती. उरलेल्यांत ब्रिगेडची उभारणी, दोन लढाया, एक पूर, एक भूकंप आणि शेवटी चिन्हाचं स्पष्टीकरण. हिरवा रंग दऱ्यांचा. पांढरा बर्फाचा. पायांतली वीज वेगाची. पक्ष्याने ती पायात का धरावी हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. डोळ्याविषयी पुस्तिकेत काही नव्हतं. तिथे काका थांबत. स्वतःचा उजवा डोळा अर्धा मिटत आणि हळू आवाजात सांगत, "आता डोळा बघा. अर्धा मिटलेला हाय. का? वार करायच्या आधीचा संयम." यानंतर ते समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहत. गॅसवाला म्हणे, "व्हय काका, सही करा."

डोळा मीही बघितला होता. बाकी सगळा पक्षी हिंस्र होता. चोच आकडीसारखी, नखं टोकदार. डोळा मात्र लांबट, कडेला निमुळता, वरची पापणी जडशी, आणि तिच्यावर बारीक, वळणदार भुवई. समोरच्याला फाडून खाण्याआधी हा ससाणा त्याला जेवलास का म्हणून विचारेल, असं वाटायचं.

तिसऱ्या वर्षी मला राहवलं नाही. काका गेटवरच्या ससाण्याची भुवई नव्याने ओढत होते. मी म्हटलं, काका, पक्ष्यांना भुवया नसतात. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयातून पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक आणलं आणि ससाण्याचं पान उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. गोल गरगरीत काळा डोळा, भोवती पिवळं कडं. त्यात संयमाचा लवलेश नव्हता. काकांनी चष्मा पुसून ते चित्र बराच वेळ बघितलं. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "परत करा मॅडम. मुदत टळेल."

दोन दिवस घरात ब्रिगेडचा विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी मला मागच्या दारी गाठलं.

"काय बोललीस गो त्यांना? दोन दिस इतिहास नाय झाला घरात. मला घास उतरत नाय."

मी सांगितलं. काकू कपाळाला हात लावून हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "तेवडं सोडून काय पन बोलायचं व्हतंस," त्या म्हणाल्या.

त्या रविवारी काका मला पेणला घेऊन गेले. दर वर्षी गणपती सांगायला ते जात, या वर्षी मला म्हणाले, "मॅडम, चला." कारण विचारायची सोय नव्हती. पेणमधल्या एका बोळात शिरलो. दोन्ही बाजूंना गणपतीचे कारखाने. वाळत घातलेल्या पांढऱ्या मूर्ती, पिवळं पितांबर झालेल्या मूर्ती, दागिन्यांना सोनेरी लावलेल्या मूर्ती. काका ज्या कारखान्यात शिरले तिथे फळ्यांवर शे-दीडशे गणपती रंगून तयार होते आणि एकालाही डोळे नव्हते. हातात मोदक, सोंड डावीकडे, मुकुटावर नक्षी, आणि डोळ्यांच्या जागी नुसता गुलाबी उंचवटा. इतकी देवमंडळी एका वेळी आपल्याकडे न बघता बसलेली मी पहिल्यांदाच बघितली.

आतल्या बाजूला उजेडाच्या खिडकीशी साठीच्या एक बाई बसल्या होत्या. डोळे फक्त त्याच रेखाटत. याला आखणी म्हणतात. माती मळणारे, साच्यातून काढणारे, रंग देणारे वेगळे असतात. आखणी करणारा कारखान्यात एखाददुसराच. बाकी सगळं जमून आलं आणि डोळा फसला तर मूर्ती कुणी घरी नेत नाही. बाईंनी काकांना बघून मानेनेच बस म्हटलं आणि हातातला डावा डोळा पुरा केला. पापणीची रेघ एका दमात, मग भुवई, मग कडेला लालसर छटा. मूर्तीने माझ्याकडे बघितलं.

मी त्या डोळ्याला ओळखत होते. टाकीवर, गेटवर, मडगार्डवर रोज बघत होते.

काकांनी खिशातून कापडी बिल्ला काढला, गणवेशाच्या बाहीवर शिवतात तो, आणि बाईंसमोर धरला. ती माझ्यासाठी साक्ष होती. बाईंनी बिल्ला खिडकीकडे नेला.

"हा तर अण्णांचा डोळा," त्या म्हणाल्या. "पाखराला कुनी लावला?"

अण्णा म्हणजे काकांचे वडील. त्या काळात पेणेत डोळे आखावेत ते त्यांनीच, असं बाई मला सांगत राहिल्या. मुलाला त्यांनी उंदीर रंगवायला दिले, पाटाची नक्षी दिली, पितांबराचे काठ दिले. डोळ्याला हात लावू दिला नाही. तुझा हात अजून तयार नाय, एवढंच म्हणत. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत हे ऐकून मुलगा एक दिवस सैन्यात भरती झाला. त्याला मिळायची ती खिडकीजवळची जागा पुढे या बाईंना मिळाली. "ह्यो गेला म्हनून मी शिकले," त्या म्हणाल्या आणि कुंचला काकांपुढे धरला. "घे, एक डोळा काढ. मॅडमना दाखव."

काकांनी हात मागे घेतला. "हात तयार नाय अजून," ते म्हणाले. त्या वेळी त्यांचं वय पासष्ट होतं.

उरलेलं त्यांनी परतीच्या एस.टी.त सांगितलं, नागोठण्यापासून रोह्यापर्यंत. खिडकीबाहेर बघत सांगितलं, त्यामुळे निम्मं मला पुढे वाकून ऐकावं लागलं. ब्रिगेडमध्ये ते नवे होते. गारपिटीत मुख्य दरवाजावरच्या पाटीचा रंग उडाला होता, जुना पेंटर रजेवर होता, आणि चार दिवसांनी मोठ्या साहेबांची तपासणी होती. नमुना म्हणून एक जुना बिल्ला मिळाला; त्याचा डोळ्याचा दोरा उसवला होता. पंख, चोच, वीज, सगळं झालं. डोळा राहिला. विचारायचं कुणाला? विचारलं असतं तर पेंटरला डोळा येत नाही असं झालं असतं. त्यांनी कुंचला टेकवला आणि हाताला जो डोळा ठाऊक होता तो हाताने काढला. आयुष्यात काढलेला पहिला डोळा.

तपासणीच्या दिवशी मोठे साहेब पाटीसमोर थांबले. याचा डोळा असा का, म्हणून त्यांनी विचारलं. सगळी ब्रिगेड श्वास धरून उभी. तेवढ्यात शेजारचे एक मेजर पुढे होऊन म्हणाले, सर, वार करण्यापूर्वीचा संयम. मोठ्या साहेबांना ते फार आवडलं. सगळीकडे असाच डोळा पाहिजे, असं सांगून ते चहाला गेले. त्या संध्याकाळी काकांनी पत्र्याचा साचा कापला. मग गाड्यांवर, पाट्यांवर, नव्या बिल्ल्यांवर, आणि अखेर पुस्तिकेत. चौथ्या दिवशीचा चुकून काढलेला डोळा दोन वर्षांत परंपरा झाला. परंपरांच्या मानाने हा उशीरच म्हणायचा.

मी विचारलं, वडिलांना कधी कळलं?

नवे बिल्ले लागल्यावरच्या पहिल्या सुट्टीला काका गणवेशातच घरी आले होते. अण्णांनी उंबऱ्यातच त्यांची बाही धरली, उजेडाकडे वळवली, बिल्ल्याकडे बघितलं. पोरगा परत आल्याचं काही बोलले नाहीत. "पापणी जाड झालीय," म्हणाले आणि आत गेले. त्या डोळ्याविषयी बापलेकांत झालेलं बोलणं तेवढंच.

"मॅडम, पापणी जाड हाय का अजून?" काकांनी विचारलं. पुस्तकात ते नव्हतं.

अण्णांविषयी काकूंकडेही थोडं निघालं. काकू एरवी घरात गाऊनवर असत, सणासुदीला साडी नेसत, आणि डोक्यावर पदर घेण्याची प्रथा त्यांनी कधीच मोडीत काढली होती. देवापुढेही त्या तशाच उभ्या राहत. "देव घरचाच हाय, त्याचं काय," त्या म्हणत. "पन मामंजी आले की हात आपसूक पदराला जायचा. ओरडायचे नाय, बोलायचे नाय. नुसते बघायचे."

गेल्या वर्षी होळीनंतर काकांच्या फोनवर निरोप आला. ब्रिगेडच्या माजी सैनिकांचा गट होता, एरवी त्यात सुप्रभात आणि गुडघेदुखीवरचे उपाय चालत. निरोप एका तरुण कॅप्टनचा होता. ब्रिगेडचा वर्धापन दिन येतो आहे, पुस्तिका नव्याने छापणार, चिन्ह संगणकावर नव्याने रेखाटणार. पक्ष्याचा डोळा खऱ्या ससाण्यासारखा नाही असं लक्षात आलं आहे. तो तसा का आहे याची कुणाला नक्की माहिती असल्यास कळवावी, नाहीतर दुरुस्त करण्यात येईल.

काका फोन घेऊन माझ्या दारात आले. गटातल्या दोघातिघांनी संयमाचं लिहिलं होतं, पण ऐकीव म्हणून. काका म्हणाले, ज्याने पाटी रंगवली त्याचं पत्र गेलं तर ते मानतील. तुम्ही लिहा.

मी हिंदीत लिहिलं. मेजरसाहेबांचा संयम घेतला, त्याला थोडी बर्फाची शिखरं जोडली, मिटत्या पापणीत शूराची करुणा घातली. इतकं खोटं इतक्या चांगल्या भाषेत मी त्याआधी लिहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या थाटामाटाला आयुष्यभर नाक मुरडलं आणि वेळ आल्यावर तो आपल्यालाही बरा जमतो, हे कळून जरा ओशाळले. पण मला तो डोळा वाचवायचा होता. पुस्तक आणून दाखवणारी मीच होते.

काकांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "ह्यानं डोळा ऱ्हाईल?"

राहील, मी म्हटलं.

"आनि ह्याच्यात माझा बाप कुठं हाय?"

मी कागद खाली ठेवला. खरं लिहिलं तर डोळा जाईल, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. चूक म्हणून कबूल केलेली गोष्ट कुठलंच मुख्यालय ठेवून घेत नाही. काका म्हणाले, म्हाईत हाय. इतकी वर्षं मी त्याला दुसऱ्याच्या नावावर नोकरीला ठेवला. आता एकदा तरी खरं नाव सांगू दे.

दुसरं पत्र त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. डोळ्याला काही अर्थ नाही. तो मी काढला, कारण नमुन्यावरचा डोळा उसवला होता आणि मला दुसरा येत नव्हता. तो माझ्या वडिलांचा आहे, ते पेणला गणपतीचे डोळे आखत असत. मेजरसाहेबांनी संयमाचं सांगितलं ते मला वाचवायला, त्यांना दोष देऊ नये. खाली सही, हुद्दा, आणि हुद्द्यापुढे त्यांनी हट्टाने शब्द घालायला लावला: पेंटर.

कॅप्टनचा फोन आला. पोरगा आदबशीर होता, दोनदा 'सर' म्हणाला; हवालदाराला कॅप्टन सर म्हणतो हे काकूंनी सगळ्या आळीत सांगितलं. आलेल्या सगळ्या पत्रांत तुमचं पत्र मी घरी वडिलांना वाचून दाखवलं, असं तो म्हणाला. डोळ्याचं मात्र वर ठरलं आहे, असंही म्हणाला.

पुस्तिका आषाढात टपालाने आली. संदेशांची पानं आता सात झाली होती. नवा ससाणा अगदी ससाण्यासारखा होता, आणि दुसऱ्या कुठल्याही ससाण्यासारखा. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ होती: पूर्वीच्या चिन्हातील डोळा पेण येथील गणेशमूर्तींच्या पद्धतीचा होता, तो आता दुरुस्त करण्यात आला आहे. नाव कुणाचंच नव्हतं. काकांनी ती ओळ बोट ठेवून वाचली. "पेण छापलंय," ते म्हणाले. "पेणेत डोळे कोन काढायचं, ते पेणला म्हाईत हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसाने उघडीप दिली तसे ते पॉलिश पेपर घेऊन टाकीवर चढले. मी नको म्हणत होते. घरातला पक्षी घरचा आहे, त्याला कोण तपासायला येतंय? काका म्हणाले, हुकूम हाय. टाकी, गेट, न्हाणीघर, मडगार्ड, तांदळाचा डबा. एकेका डोळ्यावर पेपर घासत गेले. मग मला हाक मारून म्हणाले, ते पुस्तक परत आणा. मी आणलं. त्यातलं पान उघडं ठेवून त्यांनी सगळीकडे गोल काळे डोळे काढले, पिवळ्या कड्याचे, बिनचूक. काकू गेटपाशी उभ्या राहून बघत होत्या. "आता ती कोनाकडंच बघत नाय," एवढं म्हणून आत गेल्या.

श्रावण सरता सरता आम्ही पेणला गणपती आणायला गेलो. कारखाना अर्धा रिकामा झाला होता. फळीवरचे उरलेले सगळे गणपती आमच्याकडे बघत होते, एक सोडून. काकांनी आधी फोन करून तो तसाच ठेवायला सांगितला होता, हे मला तिथे कळलं. बाई खिडकीजवळच्या जागेवरून उठल्या आणि त्यांना तिथे बसवलं.

काकांनी कुंचला हातात घेतला आणि तोंड उघडलं.

"गप," बाई म्हणाल्या. "अण्णा नाय सांगायला. मी सांगते. तयार हाय."

उजवा डोळा आधी काढला. पापणी एका दमात. ती जाड होती की नाही हे मला अजूनही सांगता येणार नाही. बाई वाकून बघून काही बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या धंद्यात हे पुष्कळ असतं. डावा डोळा झाल्यावर काकांनी कुंचला पाण्यात बुडवला. "लई नोकरी केली त्या डोळ्यानं," ते मला म्हणाले. "आता रिटायर. आपल्या गावी आला."

मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकून आम्ही रिक्षाने अष्टमीला आलो. काकूंनी साडी नेसली होती, दारात काकांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, नेहमीसारखं डोकं उघडंच. आखणीचं त्यांना आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं. काकांनी मूर्ती पाटावर ठेवली आणि बाजूला झाले. हळदकुंकवाचं तबक घेऊन काकू पुढे आल्या. "बघू या, काय ध्यान आनलंय ह्या वर्षी," म्हणत त्यांनी रुमाल ओढला.

मग त्यांनी तबक डाव्या हातात घेतलं, आणि उजव्या हाताने पदर डोक्यावर ओढून घेतला.